दोजीनच्या अंगातली म्हातारी

जावयाने सासूबाईंसमोर म्हातारीचा आवाज काढावा की काढू नये, याबद्दल आपल्या शास्त्रांत काही लिहिलेलं नाही. मी शोधलं आहे. अधिक महिन्यात जावयाला काय वाढावं, वाणात अनारसे किती द्यावेत, पाटावर बसताना त्याचं तोंड कुणीकडे असावं, सगळ्याची सोय आहे. पण कुवेतमधल्या एगैलातल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, कोरियन मालिका चालू असताना, खांद्यावर पदर नसलेल्या माणसाने पदर सावरल्यासारखं करून "आधी दोन घास खाऊन घे रे राजा" असं म्हणावं का, याविषयी ऋषिमुनी गप्प आहेत. तेव्हा जे केलं ते मी माझ्या जबाबदारीवर केलं.

मालिका मुळात आमच्या स्वराची. ती चौदा वर्षांची आहे आणि कुवेतमध्ये वाढलेल्या तिच्या सगळ्या मैत्रिणींप्रमाणे तिला सोलची गल्लीन् गल्ली ठाऊक आहे. सिन्नर मात्र नकाशावर बोट ठेवून दाखवावं लागतं. त्या सिन्नरहून तिची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई मालनताई, व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आल्या. बाहेर ऊन असं की दाराची कडी हाताला चटका देते. म्हणून त्या दिवसभर सोफ्याच्या कडेला ताटली घेऊन लसूण सोलत बसायच्या. एके दिवशी लसूण तसाच राहिला. त्या पडद्याकडे बघत होत्या.

पडद्यावर दोजीन नावाचा एक सडपातळ, देखणा मुलगा होता. सोलमधल्या औषधांच्या दुकानात नोकरीला. गरीब गाईसारखा. पण त्याच्या आत आणखी चौघं राहायची. एक गुंड होता, तो आला की कॉलर वर व्हायची. एक मास्तर होता, तो आला की समोरच्याची चूक निघायची. एक रंगेल गडी होता, तो आला की दुकानातली गिऱ्हाइकं लाजायची. आणि चौथी एक म्हातारी होती, कुठल्याशा बेटावरची. नट तोच, चेहरा तोच. तो फक्त पाठीत जरासा वाकायचा, ओठ मिटून घ्यायचा, आणि समोर आजी उभी राहायची. ती आली की स्वयंपाकघरात जायची, शेवाळाचं कसलंसं सार करायची आणि रात्रभर जागलेल्या त्या पोराच्या पोटात दोन घास घालायची. त्याच्याच हातांनी.

"अंगात येतं ह्याच्या," सासूबाई म्हणाल्या.

"नो आजी, इट्स अ कंडिशन. त्याच्या आत फाइव्ह पीपल राहतात."

"तेच म्हणते मी. पाच माणसं. मग न्हाणीघर एकच कसं पुरतं?"

स्वराने पहिले आठ भाग पडद्याखालची इंग्रजी अक्षरं वाचून आजीला मराठीत सांगितले. मराठी म्हणजे, "आजी, तो म्हणतो की, लाइक, मला नाही माहीत मी हू आहे." आजीचे प्रश्न अक्षरांपेक्षा वेगाने धावत. त्याच्यावर उपचार करणारी ती डॉक्टरीण लग्नाची आहे का? मास्तराला पगार मिळतो का? म्हातारी मेलेली आहे की जिवंत? नवव्या भागात स्वराने उशी आपटली. "आजी, जस्ट वॉच ना!" असं म्हणून तिने राजीनामा दिला आणि खोलीचं दार लावून घेतलं. विनिता, माझी बायको, एका लॅबमध्ये संध्याकाळच्या पाळीला असते. उरलो मी.

आता आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या. जावयाशी सरळ बोलायचं नाही, मुलीच्या आडून बोलायचं. "विनिता, त्यांना म्हणावं भात घ्या." मी समोर असतो, भातही समोर असतो, तरी निरोप विनिताच्या पत्त्यावरून यायचा. विनिता घरात नसली तर त्या फ्रिजला सांगायच्या. त्या संध्याकाळी त्या फ्रिजला म्हणाल्या, "त्या म्हातारीचं काय झालं असेल कोण जाणे. आम्हांला काही इंग्रजी येत नाही."

फ्रिजने उत्तर दिलं नाही. मी दिलं. "मी सांगतो."

तुम्ही म्हणाल, कशाला? माझी आई दळताना, कांडताना, अगदी रेशनच्या रांगेतसुद्धा ओव्या म्हणायची. मी त्या ऐकत वाढलो. कॉलेजात भारुडं केली, मुरळी झालो, आंधळा झालो, टाळ्या घेतल्या. मग मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत लागलो आणि गेली कित्येक वर्षं दिवसभर फक्त प्रेशर गेजशी बोलतो. गेज प्रामाणिक असतं, पण दाद देत नाही. मी तुडुंब भरलेला माणूस होतो. सासूबाईंनी नुसतं झाकण उचललं.

सुरुवातीला मी साधं वाचून सांगत होतो. पण पाच जणांचा चेहरा एकच, आवाज माझा एकच, त्यात सासूबाईंचा चष्मा जुना. कोण बोलतंय ते कळेना. मग मला ती कल्पना सुचली. तिच्यासारखी निर्बुद्ध कल्पना एगैलात आजवर कुणाला सुचली नसेल. प्रत्येकाला मी एकेक बोली देऊन टाकली. दोजीन स्वतः पुस्तकी मराठीत. गुंड मालवणीत, कारण मालवणीत राग असा ताज्या बांगड्यासारखा तडतडतो. मास्तर अर्थातच पुण्याचा. रंगेल गडी वऱ्हाडी, कारण आमच्या इमारतीत वऱ्हाडकडचं कुणी राहत नव्हतं. आणि म्हातारी? म्हातारी सिन्नरची. तिचं "राजा", तिचं "आसं कसं बाई", मी सोफ्यावरून जसंच्या तसं उचललं. आणि भाग सुरू होण्याआधी, मागची आठवण म्हणून, एक ओवी:

एका कुडीच्या घरात, पाच जणांचं बिऱ्हाड,
एक निजे, एक जागे, एक लावितो कवाड.
हात त्याचे, माया तिची, चूल पेटते कुणाची?
पोराच्या पोटामधी, भूक जागते म्हातारीची.

सासूबाई थबकल्या. पदर डोळ्यांना लावला. मग फ्रिजला म्हणाल्या, "बरं सांगतात."

मला इंजिनीयरिंगची पदवी मिळाली तेव्हासुद्धा इतकं बरं वाटलं नव्हतं.

दहाव्या भागात ती डॉक्टरीण म्हणाली की दोजीनला बरं व्हायचं असेल तर आतल्या चौघांना एकेक करून निरोप द्यावा लागेल. मी हे डॉक्टरणीच्या गोड आवाजात सांगितलं. सासूबाईंनी हाताच्या खुणेने टीव्ही बंद करायला लावला.

"म्हणजे म्हातारीला काढणार," त्या म्हणाल्या. यावेळी फ्रिजलासुद्धा नाही, आपल्याच हाताच्या रेषांना. "जागा करायची झाली की पहिली म्हातारीच हलते. गुंड राहील बघा. गुंडाला कोण हात लावतंय?"

 व्हिसा संपला की त्या परत जाणार होत्या त्या सिन्नरला नाही, तर नाशिकला, माझ्या मेव्हण्याच्या फ्लॅटवर. सिन्नरचं घर बंद करायचं असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. सगळ्यांनी म्हणजे, त्यांना सोडून.

"मला तिचं काय होतं ते बघायचंय," सासूबाई फ्रिजकडे वळून म्हणाल्या. "शेवटपर्यंत. त्याशिवाय मी विमानात बसत नाही. विनिता आली की तिला सांगा, त्यांना सांगायला." म्हणजे मीच विनिताला सांगायचं, विनिताने मला सांगायचं. मी तसं केलं. घराण्याच्या रीती मोडायला मी कोण?

*

काशिनाथ आला तो ओट्याखालच्या कपाटाचं दार बसवायला. कणकवलीकडचा सुतार, मंगाफला एका खोलीत सहा जणांसोबत राहतो. कुवेतमध्ये ज्याची बायको गावी असते त्याला बॅचलर म्हणतात. या बॅचलरला तीन मुलं आहेत. तो स्क्रू पिळत होता आणि बाहेर माझा गुंड मालवणीत कुणालातरी समुद्रात बुडवायची भाषा करत होता. स्क्रू ड्रायव्हर थांबला. काशिनाथ हळूच दाराशी येऊन बसला. दार अजून बसलेलं नाही, हे जाता जाता सांगतो.

दुसऱ्या दिवशी तो खोलीतल्या तिघांना घेऊन आला. वरच्या मजल्यावरचे गुरुप्रसाद आवाजाची तक्रार करायला आले आणि पाणी मागून बसले. त्यांच्या बायकोने, शर्मिलावहिनींनी, साबुदाण्याची खिचडी आणली, म्हणजे आता हा कार्यक्रमच झाला. फाहाहीलहून कुणी आला, त्याने आणखी कुणाला आणलं. आठवड्याभरात आमच्या दारासमोर इतक्या चपला जमल्या की अशरफ, आमचा हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, लिफ्टमधून बाहेर पडताना त्यांच्यावरून घसरला.

अशरफ इजिप्तचा, आडदांड, आणि नियमांच्या बाबतीत फार हळवा. "इथे मशीद आहे की लग्न आहे?" त्याने मोडक्या हिंदीत विचारलं.

"मुसलसल," मी म्हणालो. म्हणजे मालिका.

"कोणतं?"

मी सांगितलं. तो आत डोकावला. पडद्यावर त्या वेळी म्हातारी दोजीनच्या शर्टाचं बटण लावत होती, त्याचंच, त्याच्याच हातांनी. अशरफला मराठी येत नाही. तरी तो दारात उभा राहून नाक ओढत होता. जाताना त्याने चपला स्वतः दोन ओळींत लावल्या आणि सांगितलं की बैठक बेकायदा आहे, उद्या किती वाजता आहे?

सल्ले तर असे येऊ लागले की रिफायनरीतली सुरक्षा समिती फिकी पडावी. गुरुप्रसाद म्हणाले, माझं श्वासाचं तंत्र चुकतंय. शर्मिलावहिनी म्हणाल्या, म्हातारीच्या वेळी मान जरा डावीकडे हवी. कुणी म्हणालं, माइक घ्या. कुणी म्हणालं, माइक नको, मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. मी गुळण्या केल्या. कलावंताचं आयुष्य सोपं नसतं.

मग एक दिवस भाग संपल्यावर काशिनाथ उठलाच नाही.

"साहेब, एक विचारू? रागवूचा नाय."

"विचार की."

"तो मारामारी करणारो आमचोच कित्याक?"

 त्याच्या मागे त्याच्या खोलीतले तिघे, हाताची घडी घालून.

"अरे, राग मालवणीत फार छान वाटतो," मी म्हणालो.

"मगे मायाय मालवणीत बरी वाटता. आमच्या आवशीन आमका कधी भरवल्यान नाय काय?"

 तेवढ्यात गुरुप्रसाद घसा खाकरून पुढे झाले. "आता विषय निघालाच आहे म्हणून. तो मास्तर पुण्याचा करायला माझा आक्षेप नाही. माणूस शिकलेला दिसतो. पण तुम्ही त्याच्या तोंडी ‘हे चुकीचं आहे’ असं वाक्य घालता. आम्ही असं कधी म्हणत नाही. आम्ही म्हणतो, ‘अच्छा, असंही म्हणतात का?’"

आणि दाराजवळून एक अनोळखी आवाज आला. "अन् काऊन जी, पोरी पाहत फिरणारा तेवढा आमच्याकडचा? आम्हाले दुसरे धंदे नाहीत का?" तो फाहाहीलहून आलेला नवा माणूस नागपूरचा निघाला. वऱ्हाड माझ्यापर्यंत चालत आलं होतं.

मी लोकशाहीवादी माणूस आहे. शिवाय ते तेराजण होते. सभा झाली. ठरलं की पुढच्या भागापासून पाळीपाळीने बोल्या फिरवायच्या, म्हणजे कुणा एकावर अन्याय नको. दुसऱ्या संध्याकाळी गुंडाने बाटली फोडून अतिशय सभ्य पुणेरीत विचारलं, "आपण मार खायला बसता आहात की उभे राहता आहात?" मास्तराने मालवणीत व्याकरण शिकवलं. रंगेल गड्याने पुस्तकी मराठीत प्रेम व्यक्त केलं आणि साहजिकच ते फसलं. मंडळी खूश होती. मी घामाघूम झालो होतो, पण आवाज चुकला नव्हता, आणि मी सासूबाईंकडे दाद मागायला वळलो.

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे नवे कोण आले?" त्या म्हणाल्या.

"नवे?"

"कालपर्यंत भांडणारा मालवणचा होता. आज हा पुण्याचा भांडणारा आला. तो मास्तरही दुसराच. म्हणजे पाचाचे आठ झाले का? अहो, डॉक्टरीण औषध देते का वाढवते? एवढी माणसं एका पोराला झेपायची नाहीत!" आणि मग, सगळ्यांदेखत, सरळ माझ्या डोळ्यांत बघत, "जावईबापू, तुम्ही बदललंत!"

विनिता दारातून नुकतीच आत येत होती. तिच्या हातातली पिशवी खाली पडली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. सासूबाईंचा मला उद्देशून हा पहिला शब्द, आणि तो आरोप होता.

मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग काशिनाथकडे, गुरुप्रसादांकडे, दाराजवळच्या नागपूरकराकडे एकेक करून पाहिलं आणि निकाल दिला. "घरात भांडखोर एक असतो, चुका काढणारा एक असतो, पोरींमागे फिरणारा एक असतो. कुणालातरी व्हावंच लागतं. ज्याची भाषा त्याला द्या. आणि तुम्ही," हे पुन्हा मला, आता बांध फुटलाच होता, "तिथे जे म्हणतात तेच सांगा. बरं असो, वाईट असो. मला येत नाही म्हणून मला फसवायचं नाही."

"नाही फसवणार," मी म्हणालो.

काशिनाथ मागून हळूच पुटपुटला, "भांडखोर तर भांडखोर. पण मगे जोरात बोला हां साहेब. मुळमुळीत नको."

*

शेवटचा भाग शनिवारी संध्याकाळी येणार होता. तिकीट गुरुवारचं होतं. व्हिसा शनिवारी संपत होता. मी मुदतवाढ मागायला गेलो.

खिडकीमागचा अधिकारी तरुण होता, पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशात, चेहऱ्यावर सकाळपासून सगळ्यांना नाही म्हटल्याचा थकवा. मला अरबी येतं ते पाण्याच्या टाकीपुरतं. त्यात मी त्याला माझी अडचण समजावली.

"आजारी कोण? सासू?"

"नाही. एक मुलगा आहे. त्याच्या आत चार माणसं आहेत."

त्याने पेन खाली ठेवलं. "एकूण पाच?"

"हो."

"मग पाच अर्ज."

"नाही, नाही. ती माणसं कोरियात आहेत."

"मग त्यांनी तिथल्या दूतावासात जावं."

मागच्या रांगेतून उसासे येऊ लागले. शेवटी मी अरबी सोडलं आणि मान डावीकडे कलती करून, पाठीत वाकून, ओठ मिटून, म्हातारी करून दाखवली. शर्मिलावहिनींचा सल्ला आयुष्यात एकदा कामी आला. त्या माणसाचे डोळे मोठे झाले. तो खिडकीला नाक लावून कुजबुजला, "दोजीन?"

"दोजीन."

"माझी आई बघते. माझी बायको बघते. शेवट कळलाय का तुला?"

"शनिवारी आहे."

"कळला तर मला सांगू नकोस." मग त्याने कागद माझ्याकडे सरकवला, हात छातीवर ठेवला. "पण मुदतवाढ होत नाही, भाई. खलास. शनिवारपर्यंत आहे, शनिवारपर्यंत ठेव."

मी तिकीट शनिवारी रात्रीच्या विमानाचं करून घेतलं. त्याचे किती पडले ते विनिताला सांगितलेलं नाही, तेव्हा तुम्हालाही सांगत नाही. हिशोब सोपा होता. भाग आला की तासाभरात संपेल, बॅगा दाराशी तयार, संपला की निघायचं. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस आहे. माझे हिशोब चुकत नाहीत. चुकतात ते कोरियाचे. शेवटचा भाग दुप्पट लांबीचा निघाला.

चौघंही अजून दोजीनच्या आत बसलेले, आणि खाली गुरुप्रसादांच्या गाडीचा हॉर्न वाजू लागला.

"गाडीत बघू, फोनवर," मी म्हणालो.

"चालत्या गाडीत कुणाचं जाणं बघू नये," सासूबाई म्हणाल्या. "तिथे बसून बघू."

तेव्हा आमची वरात विमानतळावर निघाली. गुरुप्रसादांची गाडी, मागे काशिनाथच्या कंपनीची मिनी बस. तिच्यात सुतार, प्लंबर, नागपूरकर आणि खिचडीचा डबा. बॅगा दिल्या, बोर्डिंग पास घेतला, आणि आतल्या तपासणीच्या अलीकडे, खुर्च्यांच्या रांगेत, मी फोन सासूबाईंच्या पिशवीतल्या लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला. सासूबाई मधोमध, बाकी आम्ही भोवती, काही उभे, काही उकिडवे. एक सुरक्षारक्षक गर्दी बघून धावत आला. त्याला वाटलं कुणाचं काही बरंवाईट झालं. शर्मिलावहिनींच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्याने टोपी काढली आणि आदराने दोन पावलं मागे जाऊन थांबला.

पडद्यावर डॉक्टरणीच्या खोलीत चार खुर्च्या होत्या, तिन्हींवर दोजीनचाच चेहरा, चौथी रिकामी. गुंड उठला, कॉलर खाली केली, दोजीनच्या खांद्यावर थाप मारली. मी कुवेतच्या विमानतळावर, सूटकेस ओढत जाणाऱ्या परक्या माणसांसमोर, छाती फुगवून मालवणीत ओरडलो, "भियां नको रे! मी आसंय म्हणान तू उभो होतस. आता मी नाय तरी उभो रव!" काशिनाथने बाही डोळ्यांना लावली. "तसो वायट नाय होतो हां," तो म्हणाला. मास्तर गेला तो डॉक्टरणीच्या टिपणातली एक चूक दुरुस्त करून. गुरुप्रसाद छताकडे बघत होते. रंगेल गडी आरशाला डोळा मारून गेला, आणि मागून नागपूरकर म्हणाला, "जाय बापा, जाय."

मग म्हातारी.

ती स्वयंपाकघरात होती. सार उकळत होतं. तिने गॅस बारीक केला, कमरेचं फडकं सोडलं, घडी केली. आणि खाली इंग्रजी अक्षरं आली. मी ती वाचली. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांच्या मांडीवर पासपोर्टची पिशवी होती, तिच्या कडेला त्यांची बोटं घट्ट.

माझ्याच्याने होईना. पाठ वाकवली, ओठ मिटले, आणि मी म्हणालो, "मी कुठं जात न्हाई रे राजा. ही चूल माझी हाय. मी हितंच बसते."

स्वराने झटकन माझ्याकडे पाहिलं. "बाबा," एवढंच म्हणाली. गुरुप्रसादांनाही इंग्रजी येतं. त्यांचं तोंड उघडलं. दुसऱ्याची चूक दिसल्यावर गप्प राहणं काय असतं हे त्या माणसाने जन्मात अनुभवलं नसेल. तोंड मिटलं. मला ते दिसलं, आणि मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

पडद्यावर म्हातारीने फडकं खिळ्याला अडकवलं. दाराशी गेली.

"मग चपला का घातल्या तिने?" सासूबाईंनी विचारलं.

मी फोन बरणीला नीट टेकवू लागलो.

"मला वाचता येत नाही, जावईबापू. डोळे आहेत मला." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मागं घ्या. आणि ती काय म्हणाली ते सांगा."

मी मागं घेतलं. पुन्हा सार उकळलं, पुन्हा गॅस बारीक झाला. यावेळी मी पाठ वाकवली नाही, मान कलती केली नाही. माझ्याच आवाजात सांगितलं. "ती म्हणते, मी इथे असले की ह्याला भूक कळत नाही. माझीच भूक ह्याला लागते. आता ह्याची ह्याला लागू दे. सार ठेवलंय, ऊन ऊन घे. मी निघते."

विनिताने आईचा हात धरला. सासूबाईंनी तो सोडवून घेतला, हळूच.

"कुणी हाकललं नाही ना?"

"नाही. डॉक्टरीणच शेवटी म्हणाली, वाटलं तर राहा. ती म्हणाली, नको."

"आपणहून उठली?"

"आपणहून."

"अन् पोरगं?"

पडद्यावर दोजीन एकटा होता. त्याने वाडगा घेतला, तिने ठेवलेलं सार संपवलं. मग दुसऱ्या दिवशी स्वतः करायला घेतलं, मीठ जास्त घातलं, तोंड वेडंवाकडं केलं. "खारट झालंय म्हणतो," मी म्हणालो.

"खाल्लं का पण?"

"सगळं."

"मग झालं." सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.  मग विनिताला म्हणाल्या, "दादाला फोन लाव. गाडी सिन्नरला घ्यायला सांग."

"आई, अगं, नाशिकचं ठरलंय ना? ती खोली, पलंग, सगळं त्याने..."

"तुम्ही ठरवलंय. पलंग पाहुण्याला होईल. मी माझ्या घरी जाते. जेव्हा उठायचं तेव्हा माझी मी उठेन, तुम्हाला सांगून उठेन. पण चपला मी घालणार, दुसऱ्या कुणी आणून द्यायच्या नाहीत." आणि माझ्याकडे वळून, "तुम्ही लावा फोन. ही रडत बसेल. आणि जसं मी म्हटलं तसंच सांगा त्याला. तुमच्या मनाचं नको."

मी लावला. जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून मेव्हणा म्हणाला, "बरं." मी सासूबाईंना सांगितलं, "बरं म्हणाला." त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं आणि मान हलवली.

इतक्यात विमान कंपनीचा एक मिशाळ माणूस व्हीलचेअर घेऊन आला. आपल्याकडे म्हातारं माणूस परदेशातून एकटं निघालं की पाय धडधाकट असले तरी व्हीलचेअर सांगून ठेवतात. भाषा येत नाही, वाट चुकेल, खुर्ची कशी बरोबर विमानाच्या दारात सोडते. विनितानेच सांगून ठेवली होती.

"बैठिए, माताजी."

सासूबाईंनी खुर्चीकडे पाहिलं. लोणच्याची बरणी, खिचडीचा उरलेला डबा आणि विनिताने दिलेल्या खजुरांची जड पिशवी त्यांनी एकेक करून खुर्चीत ठेवली. वरून तिचा पट्टा ओढून घट्ट बांधला.

"ह्यांना न्या," त्या मिशाळ माणसाला मराठीत म्हणाल्या. "मला नुसती वाट दाखवा."

आणि पदर खोचून तरातरा तपासणीच्या रांगेकडे निघाल्या. तो बिचारा "माताजी, धीरे, माताजी!" करत मागून खुर्ची ढकलत धावत होता, आणि खुर्चीत लोणच्याची बरणी पट्टा बांधून ताठ बसली होती.